मार्चमध्ये नागपूरहून चिखलदऱ्याला जायचंय आणि गारपिटीचा इशारा आलाय. जावं का?

तुम्ही लिहिलंय की मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आईवडील आणि दोन लहान मुलांना घेऊन चिखलदऱ्याला दोन मुक्काम करायचे आहेत, पण विदर्भात वादळी पाऊस आणि गारपिटीची शक्यता सांगितली आहे, तेव्हा खोली रद्द करावी का.

हवामान खात्याचा यलो अलर्ट असेल तर रद्द करू नका, फक्त दिवसाची आखणी बदला. सगळं फिरणं सकाळी उरका आणि दुपारी दोननंतर पक्क्या छताखाली राहा. त्याच्या वरचा ऑरेंज असेल तर लहान मुलं सोबत असताना मी तरी दोन-तीन दिवस पुढे ढकलेन. अशी अवकाळीची फेरी सहसा तीन-चार दिवसांत ओसरते आणि मग आभाळ एकदम धुतल्यासारखं होतं. वर जायला त्याहून चांगले दिवस नाहीत.

आधी एक पाहा, तुम्ही कोणता इशारा वाचताय? नागपुरात राहणारे आपण नागपूर जिल्ह्याचा रंग पाहतो आणि निघतो. चिखलदरा अमरावती जिल्ह्यात आहे, त्यामुळे अमरावतीचा रंग पाहायचा. विदर्भाचे इशारे नागपुरातल्या सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतात आणि ते जिल्हावार असतात. पण एकाच अमरावती जिल्ह्यात खालचं तापलेलं मैदानही येतं आणि मेळघाटचा डोंगरही. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी हवा थंडावते, म्हणजे वर पाचेक अंशांचा फरक धरा. पावसानंतर रात्री तो जास्त जाणवतो. आईवडिलांचे स्वेटर नक्की घ्या, नागपुरातला उकाडा पाहून ते घरी ठेवायचा मोह होतो.

‘तुरळक ठिकाणी गारपीट’ हे शब्द वाचून लोक एक तर घाबरतात, नाही तर हसण्यावारी नेतात. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. तुमच्या अंगणात थेंब पडला नाही म्हणून अंदाज चुकला, असं होत नाही. शेजारच्या गावात त्याच वेळी गहू आडवा झालेला असतो.

मार्चमध्येच गारा का, हे समजलं की वेळ आपोआप कळते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात या दिवसांत उत्तर भारतावरून पुढे सरकतात आणि त्यांच्यामुळे आपल्याकडे वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते. खाली त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारा विदर्भात शिरतो. मधे तापलेली जमीन. दुपारपर्यंत ही खालची हवा वर उसळायला तयार असते आणि सातपुड्याचे उतार तिला आणखी वर ढकलतात. ढगातला वर जाणारा झोत गारेला तोलून धरतो, ती थरावर थर चढवत मोठी होते आणि पेलवेनाशी झाली की कोसळते. मे महिन्यातही ढग असेच उभे राहतात, पण तेव्हा हवा बऱ्याच उंचीपर्यंत तापलेली असल्याने गार वाटेतच विरघळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती जमिनीपर्यंत शाबूत पोचते. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राला झोडपत होती. काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराची वाटाण्याएवढी फळं झाडाखाली सडा पडल्यासारखी पाहिली, तेव्हापासून मार्चमधल्या आभाळाकडे मी सहल म्हणून कधीच पाहू शकलो नाही.

आणि तरी एकदा फसलो. काही वर्षांपूर्वी घरच्यांना घेऊन चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर गेलो होतो. सकाळी लख्ख ऊन. अकराच्या सुमारास पश्चिमेला फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसले. अजून वेळ आहे असं म्हणत आम्ही किल्ल्यात पुढे गेलो. दीडला वारा पडला, घुसमट वाटायला लागली, ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला. मग अचानक अंगावर गार झोत आला. तो झोत म्हणजे ढग कोसळायला लागल्याची खूण. गाडीपर्यंत पळेस्तोवर गारा सुरू झाल्या, आणि परतताना घाटात आडवं पडलेलं झाड हटवेपर्यंत दोन तास बसून राहिलो. कुणाला लागलं नाही. पण त्या उघड्या पठारावर आम्हीच सगळ्यांत उंच होतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून गाविलगड, देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, सगळ्या उघड्या जागा सकाळी अकराच्या आत पाहून घ्या. सूर्यास्ताचा हट्ट या खेपेला सोडा. वीज चमकल्यावर सेकंद मोजा. गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली तर मुळीच नको. बंद काचांची गाडी विजेपासून चांगला आसरा देते. गारांनी काच फुटू शकते, तेव्हा मुलांना काचेपासून दूर घ्या आणि डोक्यावर चादर धरा.

अंदाज दोनदा पाहायचा. निघायच्या आदल्या दिवशी पाच दिवसांचा, त्यातून कल कळतो. आणि प्रत्यक्ष निघायच्या दिवशी दर तीन तासांचा तात्काळ अंदाज, त्यातून ढग कुठे आहे ते कळतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये घालून ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं. मेळघाटात नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे शेवटचं पाहणं घाटाच्या पायथ्याच्या परतवाड्यातच उरका.

होळी त्याच सुमाराला आली तर रस्त्यात मेळघाटातली कोरकू आदिवासी मंडळी फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागायला उभी असतात. सुट्टे पैसे ठेवा आणि आनंदाने द्या. याच दिवसांत ती माणसं पहाटे मोहफुलं वेचतात, वाळत घातलेली फुलं एका अवकाळी सरीने काळी पडतात. कुणी घाईघाईने अंगणातली फुलं गोळा करताना दिसलं, तर आभाळ निरभ्र वाटलं तरी गाडी मुक्कामाकडे वळवा.

नागपूरहून पहाटे पाचला निघालात तर दहाच्या सुमारास परतवाड्याला पोचाल. पुढचा सुमारे ३० किलोमीटरचा घाट दुपारच्या आत चढून होतो. परतीच्या दिवशीही नाश्ता करून लगेच उतरा. आणि परतवाड्यात असतानाच वर काळोखी दाटलेली दिसली, तर तिथेच जेवून घ्या, थांबा. ढग तास-दीड तासात रिकामा होतो.