आधी शब्द नाही

चि. लेफ्टनंटबाई, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला, सकाळी चहा टाकून पुन्हा वाचला. बाळाच्या बापाबद्दल तू अडीच ओळी लिहिल्यास. तेवढ्या पुरे, मी त्याचं काही विचारणार नाही. सहावा सरत आलाय, म्हणजे गर्भपाताची २४ आठवड्यांची मुदत मागे पडली. त्यावरही आता बोलण्यात अर्थ नाही. माझं डोकं फिरलं ते शेवटच्या परिच्छेदाने. आईने आणि दादाने ठरवलंय की ओळखीच्या नर्सिंग होममध्ये नाव वहिनीचं घालायचं, तू तेवढे दिवस ‘आजारी’, आणि बाळ पहिल्या दिवसापासून त्यांचं. वहिनीला मूल नाही, तुझी अब्रू राहील, नोकरी राहील. आणि खाली तू लिहितेस, ‘मॅम, मी हो म्हणून टाकलंय.’

का म्हणून टाकलंस?

अगं, तू मॅटर्निटी वॉर्डात नाइट ड्यूट्या केल्यास. बाळाच्या मनगटावर पट्टी बांधण्याआधी आईचं नाव दोनदा मोठ्याने वाचायचं, हे मी तुमच्या बॅचला ओरडून ओरडून शिकवलं. त्या पट्टीवर तू दुसरीचं नाव घालू देणार? याला दत्तक म्हणत नाहीत. ही खोटी नोंद आहे, गुन्हा आहे, आणि गणवेशातल्या बाईने तर त्यात सापडूच नये. ही योजना आजच्या आज बंद.

बाळ देण्याला माझा विरोध नाही, हे आधी डोक्यात घे. दे, हवं तर. बाळ देणाऱ्या आया मी पाहिल्यात, त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी भांडलेय. माझा हट्ट एकच: बाळ जन्मायच्या आधी कुणालाही शब्द द्यायचा नाही. आईला नाही, दादाला नाही, वहिनीला तर नाहीच.

कायदाही हेच सांगतो. बाळ झाल्यावर तू जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जायचं. लग्नाबाहेरच्या बाळासाठी एकट्या आईची सही चालते. बाळ सोपवल्याच्या दस्तावर सही झाली की फेरविचाराला ६० दिवस मिळतात, त्यात बाळ परत घेता येतं. मग समिती बाळाला दत्तकासाठी मोकळं ठरवते आणि ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या यादीतल्या पालकांकडे ते जातं. म्हणजे वहिनीकडे नाही, हे लक्षात ठेव. घरातच द्यायचं म्हटलं तर १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आहे. तिथे बाळ प्रत्यक्ष या हातातून त्या हातात गेल्याशिवाय दत्तक होतच नाही. पोटातलं बाळ देता येत नाही! आणि तिथे ६० दिवस मिळत नाहीत. रीतसर झालेलं दत्तक पुन्हा रद्द होत नाही, कलम १५. म्हणून तो रस्ता घ्यायचाच असेल तर आधी चांगला वकील गाठ. दादाचा मित्र नको.

तिसरी गोष्ट तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही: बाळ ठेवून घेणं. २०१५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अविवाहित आईला पालकत्व मागताना बापाचं नाव उघड करायची सक्ती नाही. ठेव असं मी म्हणत नाही. पण ज्याचा विचारच झाला नाही, ते नाकारलं असं कसं म्हणायचं?

आता मी एवढी का पेटलेय ते ऐक. माझ्या ओटभरणाला सासूबाईंनी भरल्या घरात जाहीर केलं, ‘हे थोरलीच्या ओटीत घालायचं.’ मोठ्या जाऊबाईंना मूल नव्हतं. ह्यांनी मान डोलावली. मला कुणी विचारलं नाही, तेव्हा शब्द माझा नव्हताच. मुलगा झाला आणि मी दिला नाही. बास.

नंतर माझं पोस्टिंग उत्तरेला निघालं आणि तो दीड वर्षाचा असताना मी त्याला माझ्या आईकडे वाईला ठेवला. तो तिला आई म्हणायचा, मला मम्मी. जाऊबाई एकदाच बोलल्या, ‘ठेवायचाच होता दुसरीकडे, तर माझ्याकडे काय काटे होते?’ अजून लोक तेच विचारतात. मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते: ठेवला होता, दिला नव्हता. रजा मिळाली की दोन रात्री रेल्वेत काढून मी त्याच्यापाशी जात होते. हे ज्याला कळत नाही त्याला मी समजावत बसत नाही.

पण जाऊबाईंच्या खोलीत तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी, बाजूला काठ लावलेली कुंची, आढ्याला पाळण्यासाठी नव्या कड्या. बाळ होईपर्यंत त्या बाईला सगळं घर आई म्हणून वागवत होतं. कडक उन्हात बाहेर जाऊ देत नव्हते तिला! तिचं दुःख कुणी मोजलं? मी मुलगा दिला नाही याचं मला वाईट वाटत नाही. त्या बाईला आशेवर ठेवलं गेलं, याचं वाटतं. दुखतं देणारीलाच, असं तुला वाटत असेल तर तुझ्या वहिनीकडे बघ.

नोकरीचं. तुझी भीती मला कळते. आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये १९७७ च्या एका आर्मी इन्स्ट्रक्शनखाली नुसतं लग्न केलं म्हणून मुलींना घरी पाठवता येत होतं. ती १९९५ साली मागे घेतली. त्यात १९८८ साली नोकरी गेलेल्या सेलिना जॉन यांना सुप्रीम कोर्टाकडून ६० लाखांची भरपाई मंजूर व्हायला २०२४ उजाडलं. तेव्हा कुणी काही विचारणार नाही असं मी सांगत नाही. विचारतील. तोंडी खुलासे करत बसू नकोस. जे द्यायचं ते लेखी, वकिलाला दाखवून. बाळंतपणाची रजा १८० दिवसांची आहे, आणि ते ६० दिवस तिच्यात आरामात बसतात. एवढी सवड असताना आत्ता शब्द देऊन मोकळं व्हायची घाई कसली? सुटका हवीय, हे कळतं गं. पण ती सुटका फारतर रविवारपर्यंत टिकेल.

आणि रडून झालं असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. गेल्या वेळचा आकडा तू मला सांगितला नाहीस, म्हणजे तो कमी असणार. तूच पेशंटला रागावतेस ना यावरून?

आईशी मी बोलेन, माझं त्या ऐकतात. वहिनीशी मात्र तूच बोलायचं, समोर बसून, याच आठवड्यात. ‘मी हो म्हटलं होतं ते मागे घेते. बाळ झाल्यावर काय ते ठरवीन, आणि ते नाहीसुद्धा असू शकतं,’ एवढंच सांग. ती चिडेल, चिडू दे. दादा मध्ये बोलला तर त्याला बाहेर पाठव. झालं की मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मॅम