चार लाखांत जुनी डिझेल गाडी: मारुती घ्यावी की टाटा?

तुम्ही चोपड्याचे. बजेट चार लाख. मित्र म्हणतात मारुतीच घे, काका म्हणतात टाटा. आणि जळगावच्या एका डीलरकडे पुणे पासिंगची २०१५ ची डिझेल स्विफ्ट बघून ठेवलीय, मीटरवर साठ हजार.

आधी मित्रांना आणि काकांना एका चहावर बसवा भाऊ. ती स्विफ्ट आणि त्याच काळातली डिझेल टाटा झेस्ट, दोन्हींच्या बॉनेटखाली मूळ इंजिन एकच आहे, फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुती त्याला डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट. फियाट पुंटोत तेच, शेवरोले सेलमध्येही तेच. मारुतीचं मानेसरला बनायचं, टाटा-फियाटचं आपल्या पुण्याजवळ रांजणगावला. टर्बो आणि ट्यूनिंगचा फरक, बाकी घराणं एक. तरी आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत या विषयावरून साडू-साडू हमरीतुमरीवर येतात.

ब्रँडला काहीच किंमत नाही असं नाही. ती किंमत जुन्या गाडीत तुमच्या गावच्या फिटरकडे आणि स्पेअर पार्टच्या दुकानात कळते. शेवरोलेने २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. फोर्ड फिगोचं डिझेल इंजिन मला स्वतःला फार आवडतं, आणि गाडी मिळतेही स्वस्तात. पण एखादा हेडलाइट फुटला की तो कुठून मागवायचा, याची आधी चौकशी करा. स्विफ्टचं सामान चोपड्यात नाही मिळालं तर जळगावात मिळेल, आणि ते इंजिन खोलायला कोणताही मिस्त्री घाबरत नाही. म्हणून माझं मत स्विफ्टकडे. झेस्ट वाईट म्हणून नव्हे.

आता त्या साठ हजारांबद्दल. पुण्यात डिझेल गाडी लोक घेतात ती भरपूर पळवायला. दहा वर्षांत साठ हजार, हे होऊ शकतं, पण मी मानायच्या आधी तपासेन. डीलर म्हणेलच, 'भाऊ, बठ्ठं ओरिजनल शे.' तुम्ही ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर बघा, स्टिअरिंग गुळगुळीत झालंय का बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. १२२१ असेल तर टायर २०२१ च्या बाराव्या आठवड्यातला. स्टेपनीचाही कोड वाचा, टायर कधी बदलले ते कळतं. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुना रेकॉर्ड काढा. शेवटच्या सर्व्हिसला नव्वद हजार लिहिलेले असतील तर पुढचं बोलणंच नको.

या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतो, चेन असते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीची चेन सैल पडते आणि दुर्लक्ष केलं तर इंजिनाचंच काम निघतं. ती ओळखायची तर सकाळी लवकर जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर समजून जा. थंड इंजिन चालू करताच खडखड आली तर आपला फिटर बोलवा. दुसरी चक्कर भर दुपारी मारा, उन्हाळा असेल तर उत्तमच. आपल्या भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस डिग्रीत एसी लावून गाडी उभी ठेवली की तापमानाचा काटा खरं बोलतो. कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलेल्या गाड्या तिथेच पकडल्या जातात.

पुण्याची गाडी म्हणून एक जादा काम. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत सोसायट्यांत मुठेचं पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या जिल्ह्यात विकायला काढणारे असतात. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, आतल्या पट्टीवर गाळाचा डाग राहतो. स्टेपनीचा खड्डा आणि सीटखालचे नटबोल्टही बघून घ्या.

डिझेल हवंच का, हे एकदा स्वतःला विचारा. चोपडा-जळगाव आठवड्यातून एकदा, एवढंच असेल तर पेट्रोल बघा. सुरत, नाशिक वारंवार असेल तर डिझेल ठीक. या बजेटमधल्या डिझेल गाड्या बहुतेक बीएस ४, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या नियमातल्या असतात, त्यामुळे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांतला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, गावातल्या गावात फिरून चोक होण्याचा त्रास इथे नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते कागदात. माझ्या गाडीच्या आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण फायनान्स कंपनीची गावातली शाखाच उठून गेलेली. बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि एनओसी मिळवताना अक्षरशः जीव मेटाकुटीला आला. म्हणून पैसे देण्याआधी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून बोजा, विमा, किती मालक झाले ते बघा. ई-चलन थकलंय का तेही बघा.

डीलर सही केलेले टीटीओ फॉर्म, म्हणजे मालकी बदलाचे २९ आणि ३०, हातात देईल आणि 'नावावर नंतर करू' म्हणेल. नंतर नाही. कायद्याने घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारा शहाणा असेल तर त्यालाच जास्त घाई असते, कारण अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकेल. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचाच राहतो, त्यामुळे हप्ता वाढेल. 'बोनस गाडीसोबत येतो' असं डीलरने सांगितलं तर हसून सोडून द्या.

चार लाख पूर्ण गाडीत घालू नका. साडेतीनपर्यंत सौदा जमवा. टायर, बॅटरी, क्लच यांतलं काहीतरी निघतंच.

टायरचे कोड आणि शेवटच्या सर्व्हिसचं रनिंग मिळालं की इथेच खाली टाका, मग त्या स्विफ्टला किती द्यायचे ते बोलू.