अमेरिकेतल्या आयटी कंपनीत भारतीयांना खरंच वर्णभेद सोसावा लागतो का? तिथे गेल्यावर नाव, उच्चार बदलावेत का?

होतो वर्णभेद. फक्त तुम्ही ज्या जागी शोधाल तिथे तो सापडणार नाही.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात डॅलसला निघालाय आणि ऑफिसात कोणी रंगावरून बोललं तर काय करायचं याची धास्ती आहे. तोंडावर कोणी काही बोलणार नाही. एचआरची ट्रेनिंगं घेऊन घेऊन तिकडची माणसं इतकी तयार झालीत की खोडून काढायचं असलं तरी आधी ‘ग्रेट पॉइंट’ म्हणतात. ‘गो बॅक’ वगैरे ऐकायला मिळालंच तर ते पार्किंगमध्ये किंवा पेट्रोल पंपावर. मी टेक्ससमध्येच एका विमा कंपनीच्या आयटीत बरीच वर्षं काढली, प्रॉडक्शन सपोर्टची, म्हणजे चालू यंत्रणा सांभाळणाऱ्या टीमची, लीड होते. ऑफिसात हा प्रकार वर्षातून एकदा, बंद खोलीत, एक्सेल शीट भिंतीवर लावून होतो, आणि ज्याच्याबद्दल होतो तो तिथे नसतो.

बेल कर्व्ह, म्हणजे थोड्यांनाच वरचं, थोड्यांना खालचं आणि बाकीच्यांना मधलं रेटिंग हा ठरलेला साचा, तुम्हाला ठाऊक असेलच. आमच्याकडे त्या खोलीला कॅलिब्रेशन म्हणायचे. सगळे मॅनेजर आणि लीड बसायचे, एकेक नाव निघायचं, रेटिंग ठरायचं.

आमच्या डेटाबेस टीममध्ये लुइझियानाचा एक काळा इंजिनिअर होता. त्याला इथे डी. म्हणते. शांत, जरा तुटक बोलणारा, कामात वाघ. महिनाअखेरीला आमचं बिलिंग रात्री चालायचं. त्याच रात्री इंडेक्स रीबिल्डचा, म्हणजे डेटाबेसची सूची नव्याने बांधायचा, जॉब लावायचा बेत निघाला, तेव्हा चेंज रिव्ह्यूमध्ये, म्हणजे बदल मंजूर करायच्या बैठकीत, याने हरकत घेतली. तोंडी घेतली आणि तिकिटातही, म्हणजे त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीतही, लिहिली. त्याच्या मॅनेजरने तरी मंजुरी दिली. व्हायचं तेच झालं. टेबल लॉक झालं, मागे क्वेऱ्यांची रांग लागली, क्लेम्सचं पोर्टल झोपलं. ब्रिज कॉलवर, म्हणजे बिघाड निस्तरायच्या सामाईक फोनवर, तीसेक माणसं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतोय ‘एनी अपडेट?’. डी. त्या रात्री ऑन-कॉल नव्हता. त्याला झोपेतून उठवलं. त्याने लॉक धरून बसलेलं सेशन शोधलं, मारलं, जॉब शेड्यूलमधून काढला, बिलिंग पुन्हा सुरू करून दिलं आणि पहाटे सगळं नीट चालतंय हे पाहूनच कॉल सोडला. ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य त्याने एकदाही उच्चारलं नाही. मी असते तर दहादा उच्चारलं असतं.

वर्षअखेरीला त्याचं नाव शीटवर आलं, तर समोर ‘बिलो’, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी. मॅनेजर आपलाच, भारतीय. म्हणाला, टेक्निकली स्ट्राँग आहे, पण टोन. टीममध्ये मिसळत नाही. लोकांना त्याच्याशी बोलायला अवघडल्यासारखं होतं.

आता दोन गोष्टी. शीटवर त्याच्या वरच्याच एका ओळीत आमचा गोरा आर्किटेक्ट होता. त्याच ब्रिज कॉलवर त्याने नेटवर्कवाल्यांना आई-बहिणीच्या पातळीवर धुतलं होतं. त्याच्यापुढे शेरा होता ‘पॅशनेट’, रेटिंग ‘एक्सीड्स’, म्हणजे अपेक्षेपेक्षा सरस. दुसरं म्हणजे ‘मिसळत नाही’. जेवणाच्या टेबलावर आम्ही सगळे डबेवाले, गप्पा हिंदीत नाहीतर तेलुगूत, हशाही त्याच भाषेत. तो सुरुवातीला येऊन बसायचा. त्याच्याकडे पाहून कोणी अर्धं वाक्य इंग्रजीत बोललं तर बोललं. मग तो गाडीत बसून जेवायला लागला. मिसळणार कुठे आणि कशात?

मी म्हटलं, टोनचं एक उदाहरण द्या. ई-मेल दाखवा, चॅट दाखवा. मॅनेजर म्हणाला, एव्हरीबडी नोज. मी त्याच प्रोजेक्टरवर ते जुनं तिकीट उघडलं. डी.ची हरकत होती दोन ओळींची, शेवटी ‘प्लीज रिकन्सिडर’. त्याखाली मॅनेजरची मंजुरी. खोलीतल्या एसीचा आवाज ऐकू यायला लागला. आमची डायरेक्टर मिनेसोटाची गोरी बाई होती. तिने एवढंच विचारलं, म्हणजे हा बरोबर होता?

‘बिलो’चं ‘मीट्स’ झालं. ‘एक्सीड्स’ नाही झालं, हे लक्षात ठेवा. ज्याने रात्र वाचवली तो काठावर पास, आणि ज्याने मंजुरी दिली त्याच्या रेटिंगची चर्चा त्या खोलीत झालीच नाही, कारण ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत होते. पुढच्या वसंतात डी. दुसरीकडे गेला. त्या खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून त्याला हे कळलंही नसेल. मॅनेजर मात्र लिफ्टपाशी मला हिंदीत म्हणाला, आपल्याच माणसाला तोंडघशी पाडायचं काय कारण होतं?

पण खरी खडाजंगी घरी झाली. माझे थोरले दीर १९९८ साली वायटूकेच्या, म्हणजे साल २००० आल्यावर कॉम्प्युटर चुकू नयेत म्हणून निघालेल्या कामांच्या, लाटेत ओहायोला आले आणि तिथून टेक्ससला. त्या शनिवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. मी हौसेने सांगायला गेले. भावोजी म्हणाले, “अगं, कशाला त्यांच्या भांडणात पडतेस? आपलं ग्रीन कार्ड रांगेत आहे. आपण काम करायला आलोय. काम चोख असलं की कोणी बोट लावत नाही. मला इतक्या वर्षांत एकदाही वर्णभेद दिसला नाही.”

हेच भावोजी दर गणपतीत एक किस्सा रंगवून सांगतात. ओहायोत त्यांनी बँकेचं सगळं डिझाइन केलं, पण क्लायंटपुढे ते मांडायचा एक गोरा पोरगा, कॉलेजातून नुकताच आलेला. का, तर क्लायंटला ‘कम्फर्टेबल’ वाटावं म्हणून. भावोजी मागच्या खुर्चीत बसून त्याला चिठ्ठ्या पुरवायचे. एकदा चिठ्ठ्यांचा क्रम चुकला आणि पोराने उत्तर भलत्याच प्रश्नाला दिलं. यावर सगळं मंडळ हसतं, मीही हसलेय. त्या पोराचं पुढे प्रमोशन झालं, हेही ते हसतच सांगतात. भावोजी, तुम्हाला न दिसलेला वर्णभेद तो हाच. तुमचं काम चोखच होतं. फक्त त्याला तोंड दुसऱ्याचं लावलं.

काम आपोआप बोलतं ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. काम कधीच बोलत नाही. कोणीतरी त्याच्याबद्दल बोलतं, आणि बोलणाऱ्याला तुमचा चेहरा, उच्चार, जेवणाचं टेबल हे सगळं काम पाहण्याआधी दिसलेलं असतं. २००४ साली बर्ट्रांड आणि मुल्लइनाथन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना त्यांनी सुमारे ५,००० बनावट बायोडेटा पाठवले होते. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा ५० टक्के जास्त बोलावणी आली, पात्रता त्याच तोडीची असताना. इथे तर कामाला तोंड उघडायची संधीही मिळाली नव्हती. भावोजींचं म्हणणं, ती साधी ऑफिसं, आपल्या क्षेत्रात असं नसतं, कॉम्प्युटरला रंग कळत नाही. २०१८च्या ‘जेंडर शेड्स’ अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी बड्या कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. कॉम्प्युटरला शिकवणाऱ्यांनी जे चेहरे दाखवले तेच त्याला ओळखता आले.

कोर्टाच्या निकालांवरून आमची जुंपते ती वेगळीच. ‘भारतीय कंपन्या अमेरिकनांना डावलतात’ असा दावा टीसीएसवर झाला, आणि २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने तो फेटाळला. तेव्हा भावोजींनी घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकले. तसाच दावा कॉग्निझंटवर २०१७पासून चालू होता. बिगर-भारतीयांना बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसवून नंतर काढतात अशी तक्रार होती. ऑक्टोबर २०२४मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने कंपनी पद्धतशीर भेदभाव करते असा निर्वाळा दिला. त्या दिवशी ग्रुप शांत. मी बातमी टाकली, तर भावोजींनी ‘गुड मॉर्निंग’ टाकलं. मला दोन्ही निकाल मान्य आहेत. पुरावा वेगळा, निकाल वेगळा. आपल्याला सोसावा लागणारा वर्णभेद तेवढा मोजायचा आणि आपण करतो त्याला ‘टीम फिट’ म्हणायचं, हे मात्र मला जमत नाही.

आणि जात? तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठी माणसाने वर्णभेदावर बोलायचं आणि तिकडे बघायचं नाही हे चालायचं नाही. २०२० साली कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्कोवर दावा लावला. एका दलित इंजिनिअरला दोन सवर्ण भारतीय वरिष्ठांनी डावलल्याचा आरोप होता. २०२३ साली त्या दोघांवरचा दावा मागे घेतला गेला, कंपनीवरचा चालू राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. तो प्रस्ताव आणणाऱ्या क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. कॅलिफोर्नियातलं विधेयक मात्र ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी रोखलं. त्या दिवसांत डॅलसच्या मराठी पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणात, या विषयावर लोक किती हळू आवाजात बोलायचे ते पाहायला हवं होतं. पहिल्या भेटीत आडनाव विचारून नंतर गाव विचारतात ते कशासाठी, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

बाहेरचा धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये कॅन्ससच्या ओलेथ गावात श्रीनिवास कुचिभोतला या गार्मिनच्या इंजिनिअरला बारमध्ये गोळ्या घालून मारलं. मारणाऱ्याने आधी त्याच्या आणि त्याच्या मित्राच्या व्हिसाची चौकशी केली होती. अडवायला धावलेला इयन ग्रिलट हा गोरा तरुणही जखमी झाला. भावोजींची प्रतिक्रिया, “बारमध्ये जायचं काय नडलं होतं?” यावर मी उठून पाणी प्यायला गेले. नाहीतर घर फुटलं असतं.

तर तुमच्यासाठी कामाचं. मॅनेजरने ‘टोन’, ‘प्रेझेन्स’, ‘कम्युनिकेशन’ असला शेरा मारला की तिथल्या तिथे उदाहरण मागा, आणि बोलणं झाल्यावर ‘आपण असं बोललो’ अशी मेल टाका. स्वतःपाशी तारखांची टिपणं ठेवा. पण कंपनीची कागदपत्रं खासगी मेलवर पाठवू नका, त्यावरून रीतसर काढता येतं. वंश, रंग, मूळ देश यांवरून भेदभावाला १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं कलम सात लागू होतं आणि ते एच-वन-बीवाल्यांनाही, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनाही, लागू आहे. सरकारी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे, तक्रारीची मुदत १८० दिवस, टेक्सससारख्या बऱ्याच राज्यांत ३००. एचआर कंपनीचं असतं, तुमचं नाही. नोकरी गेली तर एच-वनवर नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. लोक गप्प बसतात ते भित्रे म्हणून नाही, या ६० दिवसांमुळे. हे मला भावोजींवर रागावतानाही कळत असतं.

आणि प्रत्येक कमी रेटिंग म्हणजे वर्णभेद नव्हे. काम न करता रंगाचं कारण पुढे करणारे मी पाहिलेत, त्यांत आपलेही होते. माझा अनुभव एका क्षेत्राचा, एका राज्याचा आहे. वेस्ट कोस्टच्या स्टार्टअपमध्ये कसं चालतं ते तिथल्यांना विचारा. मला भेटलेली बहुतेक माणसं सरळ होती, त्या डायरेक्टर बाईंसकट.

उच्चार आणि नावाचं राहिलंच. उच्चार बदलायला जाऊ नका, वेग कमी करा. आपण फार भरभर बोलतो. उच्चारामुळे कामात खरोखर अडथळा येत असेल तरच तो कारण म्हणून धरता येतो, असं ईईओसीचं मार्गदर्शन आहे. नावही बदलू नका. लोक दोन आठवड्यांत शिकतात, शिकले नाहीत तर पुन्हा सांगा. भावोजी ओहायोत ‘सॅम’ होते आणि अजून त्यांच्या डॉक्टरकडे त्याच नावाची फाइल आहे. जेवायला डबेवाल्यांच्या टेबलावर खुशाल बसा, पण टीममधला दुसरा कोणी येऊन बसला की इंग्रजीत बोला.

भावोजी, कोणीतरी तुम्हाला हे पाठवेलच. उत्तर खाली कॉमेंटमध्ये द्या, ग्रुपवर नको.