'णे'ने संपणारी यादी

"मॅडम, मला ठरवता येतं, पार पाडता येत नाही." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या बोलून मोकळ्या झाल्या. वय 36, एका कार्यालयात हिशेबाचं काम, घरी दहा वर्षांचा मुलगा. (लिहायला त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) महिन्याच्या पहिल्या तारखेला ध्येयं लिहायची, आठवडा-दहा दिवस उत्साह, मग सगळं थंड. पुढच्या पहिल्या तारखेला पुन्हा श्रीगणेशा. "माझ्यात जिद्दच नाहीये का हो?"

हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वर्षभरात इतक्यांदा ऐकू येतो की त्यावर लिहायला हवंच होतं.

आधी मी नेहमीची चौकशी केली. झोप, भूक, आवडत्या गोष्टींत रस उरलाय का, सतत उदास वाटतं का. हे दोनेक आठवडे सलग बिघडलेलं असेल तर ध्येयांचा विषय मी बाजूला ठेवते आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. नैराश्यातल्या माणसाला वेळापत्रक देणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळण्याचे नियम सांगणं. बाईंचं तसं काही नव्हतं. कामं वेळेवर व्हायची, हसत-बोलत होत्या. फक्त त्या एका डायरीपुढे त्यांची मान खाली जात होती.

डायरी त्यांनी आणली होती. मी पानं उलटत गेले. नऊ ध्येयं, दर महिन्याला तीच, फक्त क्रम थोडा इकडचा तिकडे. वजन कमी करणे. इंग्रजी सुधारणे. वाचन वाढवणे. मोबाईल कमी करणे. पदवी पूर्ण करणे. पोहायला शिकणे. अक्षर सुबक, खाली हिरव्या पेनाची रेघ. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या पानावर माझ्या लक्षात आलं की प्रत्येक ओळ 'णे'ने संपतेय.

"तुमच्या यादीत माणूसच नाही," मी म्हणाले. त्या बघतच राहिल्या.

मराठीत 'करणे' या रूपाला ना कर्ता लागतो, ना काळ. 'वाचन वाढवणे' म्हणजे कोणी वाढवायचं? कधी? त्या ओळीला उत्तर द्यावं लागत नाही. सूचनाफलकावर शोभणारी भाषा आहे ती. ध्येय नेमकं, मोजता येईल असं, मुदतीचं हवं वगैरे सांगणारी 'स्मार्ट' (SMART) नावाची, पाच इंग्रजी आद्याक्षरांची चौकट बहुतेकांनी ऐकलेली असते. 1981 साली जॉर्ज डोरान यांनी ती एका व्यवस्थापन मासिकात मांडली, तेव्हा त्यातलं 'ए' हे अक्षर 'कोण करणार' यासाठी होतं. पुढे हातोहात फिरताना त्याचं 'साध्य होण्याजोगं' झालं आणि कर्ता गळाला. मला ते नेहमी खटकतं. गळायला नको होता तोच भाग गळाला.

"पण लिहिलं की होतं असं म्हणतात ना?" त्यांनी विचारलं. "येल विद्यापीठात 1953 साली ज्या 3 टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती, ते पुढे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त श्रीमंत झाले..." ही गोष्ट भाषणांतून इतकी फिरलीय की मीही पूर्वी एकदा कार्यशाळेत ठोकून दिली होती. असा अभ्यास झाल्याची कुठलीही नोंद सापडलेली नाही, येलच्या ग्रंथालयानेच तसं सांगितलेलं आहे. लिहिण्याचा उपयोग नाही असं नाही. पण नुसत्या लिहिण्यावर ध्येय फळत असतं, तर या बाईंची नऊच्या नऊ कधीच पूर्ण झाली असती.

मग मी एक प्रश्न विचारला, जो मी बहुतेकांना विचारते. "समजा, हे तुम्ही केलंत हे कुणालाही कधीही कळणार नाही. तरी यातलं काय कराल?"

पेन हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या. 'इंग्रजी सुधारणे' आधी गेलं, ते एका नातेवाईक बाईंच्या टोमण्यातून आलं होतं. 'वाचन वाढवणे' गेलं. ते खोडताना त्या जरा ओशाळल्या. मग एकेक करत चार-पाच गेली. 'पोहायला शिकणे'वर पेन थांबलं, पुढे सरकलं. 'पदवी पूर्ण करणे'वर थांबलं आणि सरकलंच नाही. बारा वर्षांपूर्वी दोन विषय राहिले होते. मूल झालं, राहून गेलं.

"मग आत्तापर्यंत काय केलंत त्यासाठी?"

"दर महिन्याला अभ्यासाला बसते ना. जुन्या नोट्स काढते."

"इतक्या वर्षांनी परीक्षा देता येते का, अभ्यासक्रम तोच आहे का, हे विचारलंत?"

गप्प. खूप वेळाने: "नाही म्हणाले तर?"

माझ्या मते त्या दिवसाचं सगळं काम या तीन शब्दांत झालं. आपण समजतो की ध्येय धूसर राहतं ते आळसामुळे किंवा विचार कमी पडल्यामुळे. पुष्कळदा ते मुद्दाम धूसर ठेवलेलं असतं, आपल्याही नकळत. 'पदवी पूर्ण करणे' या ओळीला कुणी नापास करू शकत नाही. ती दर महिन्याला नव्या पानावर सुखरूप पोहोचते. पण 'मी गुरुवारी फोन करून विचारीन' असं लिहिलं की शुक्रवारी उत्तर समोर उभं राहतं. हो किंवा नाही. बाईंना जिद्द नव्हती असं मला वाटलं नाही. बारा वर्षं एक आशा जपायला बरीच जिद्द लागते, त्यांनी ती चौकशी न करण्यात खर्च केली होती, एवढंच.

त्या आठवड्याचं काम मग अभ्यास नव्हतंच. एक फोन, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकोनांचा एक कागद. आठवड्याचे 168 तास खरोखर कसे जातात ते भरायचं. कसे जायला हवेत ते नव्हे.

फोन त्यांनी गुरुवारी केला नाही, सोमवारी केला. परीक्षा देता येत होती. पण अभ्यासक्रम बदललेला, त्यामुळे दोनाऐवजी तीन विषय. ऐकल्यावर आधी रडू आलं म्हणाल्या, आणि मग विचित्र हलकं वाटलं.

कागद बघण्यासारखा होता. डायरीत अभ्यासाची वेळ 'पहाटे 5 ते 7' अशी गेली दोन वर्षं लिहिलेली. कागदावर सातपैकी पाच रात्री झोपेची वेळ सव्वाबाराची. म्हणजे ते वेळापत्रक दुसऱ्याच कुणा बाईसाठी होतं, जी दहाला झोपते, जिला मूल नाही आणि जी कधी थकत नाही. त्या बाईला अभ्यास सहज जमला असता. मग मी खऱ्या बाईचा आठवडा बोटाने चाचपत गेले. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी 6.10 ते 7, एकाच रंगाचे चौकोन. "हे काय?" मुलाचा खेळाचा सराव. त्या बाहेर बाकावर बसून असायच्या. काय करता? मोबाईल बघते. नऊ ध्येयांतलं 'मोबाईल कमी करणे' इथे बसलं होतं, बाकावर.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1990च्या दशकात एक साधी गोष्ट दाखवून दिली. 'मी अमुक करीन' या निश्चयापेक्षा 'जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन' असं बांधून ठेवलेलं वाक्य जास्त वेळा अमलात येतं. 2006 मध्ये पास्काल शीरन यांच्यासोबत त्यांनी अशा 94 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही परिणाम चांगला मध्यम ते मोठा निघाला. कारण समजायला अवघड नाही. ऐन वेळी 'आता बसू की नंतर' हा वाद घालावाच लागत नाही, वेळ आणि जागाच आठवण करून देते. आणि मराठीत हे वाक्य कर्त्याशिवाय, काळाशिवाय बनतच नाही. बाईंनी लिहिलं: 'जेव्हा मुलगा मैदानात शिरेल, तेव्हा मी मोबाईल पिशवीच्या तळाशी टाकीन आणि पुस्तक उघडीन.'

इथपर्यंत छान चाललं होतं. चूक पुढे झाली, आणि ती माझी.

दोन दिवस जमतायत बघून त्या म्हणाल्या, सहा दिवस करू या का? रोज रात्री जेवणानंतर तासभर. डोळ्यांत चमक होती आणि मी हो म्हणाले. समोरच्या माणसाचा उत्साह आपल्यालाही गोड लागतो, समुपदेशक झालं म्हणून त्यातून सुटका नाही. नवव्या दिवशी मुलाला ताप आला. चार रात्री गेल्या. पुढच्या भेटीला त्या आल्याच नाहीत, तीन आठवड्यांनी आल्या आणि पहिलं वाक्य: "तुमचाही वेळ वाया घालवला मी."

मी त्यांची माफी मागितली. योजना कुठे तुटेल हे विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं.

कामाचा अंदाज बांधताना आपण सगळं सुरळीत गेल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणतो. डॅनियल काहनेमन आणि अमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी', म्हणजे नियोजनाचा भ्रम, असं नावही दिलं. 1994 साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर सुमारे 34. सगळंच बिघडलं तर? सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सुमारे 55. वाईटात वाईट अंदाजही कमी पडला. हे आकडे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण पहिल्यांदा हसत.

मग तेव्हाच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "डोळे मिटा. तीन महिने झालेत आणि हे पूर्ण फसलंय. का फसलं, सांगा." गॅरी क्लाइन या संशोधकाची ही युक्ती, काम सुरू व्हायच्या आधीच त्याची शवचिकित्सा करायची. 'काही अडचण येईल का' असं विचारलं की माणूस 'नाही, जमेल' म्हणतो. 'फसलंच आहे' म्हटलं की जीभ सैल होते. बाईंनी दोन मिनिटांत चार कारणं दिली. मूल आजारी. महिनाअखेरीला कार्यालयात उशीर. एखादा धडा न कळणं आणि मग पुस्तकाची भीती बसणं. आणि चौथं, जे त्यांनी खाली बघत सांगितलं: "एक दिवस चुकला की मला सगळंच संपल्यासारखं वाटतं. मग मी पुढच्या एक तारखेची वाट बघते."

चारही आधीपासून ठाऊक होती त्यांना! कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

चौथ्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. पहिल्या तीन कारणांनी चार-पाच दिवस जातात, चौथ्याने महिना जातो. फिलिपा लॅली यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सवयींच्या अभ्यासात 96 माणसं होती. गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा अवधी मधोमध बघितला तर 66 दिवस, पण पसारा 18 पासून 254 पर्यंत. म्हणजे '21 दिवसांत सवय' हेही सोडून द्या. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं. बाईंनी दोन वाक्यं लिहिली. 'जेव्हा एक दिवस चुकेल, तेव्हा मी पुढच्या ठरलेल्या वारी फक्त दहा मिनिटं बसेन. राहिलेला अभ्यास भरून काढणार नाही.' दुसऱ्या वाक्याचा आग्रह माझा. अनुशेष भरायला बसलेला माणूस हमखास पुन्हा उठतो.

सहा दिवसांवरून आम्ही तीनवर आलो. दोन बाकावरचे, एक रविवारी सकाळी. तीन विषयांऐवजी या खेपेला एकच. त्यांना ते फार कमी वाटलं. मी म्हटलं, बारा वर्षांत शून्य झालेत, त्यामानाने एक पुष्कळ. महिनाअखेरीचा आठवडा मुद्दाम कोरा सोडला. त्यावरही घासाघीस झाली, पण कोराच राहिला.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे आणि ते बरंच आहे. पहिला विषय सुटला. दुसऱ्यात त्या नापास झाल्या, सहा गुणांनी. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवत होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच: मंगळवारी बाकावर दहाच मिनिटं बसायचं की पूर्ण वेळ? नापास होणं हे 'चुकलेला दिवस' धरायचं का?

दहाच मिनिटं, मी म्हणाले.

शेवटच्या भेटीत त्यांनी डायरी दाखवली. पहिल्या तारखेचं पान रिकामं. मधल्याच एका पानावर, 14 तारखेखाली, दोन 'जेव्हा-तेव्हा' वाक्यं आणि त्यांच्या खाली एकच जुनी ओळ: पोहायला शिकणे.

मी त्या 'णे'वर बोट ठेवलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिसरा विषय सुटेपर्यंत याला मी कर्ता देणार नाहीये."