आधी हजार पेशी मोजू द्या

रामबागेतल्या ताईंना सप्रेम नमस्कार.

सासूबाईंची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची पंचवीस दिवसांची सिकाई, म्हणजे किरणोपचार, पार पडली आणि त्या आता स्वतः उठून देवपूजा करतात, हे वाचून बरं वाटलं. त्यांना रोज ने-आण करणाऱ्या तुमच्या लेकीनं एक दिवस डॉक्टरांना विचारलं, "आतल्या पेशी खरंच मेल्यात हे कळतं कसं?" तेव्हापासून तिला तेच शिकायचंय. बायोटेक्नॉलॉजीच्या बीएस्सीचं शेवटचं वर्ष आहे. असं शिक्षण असतं का, पुढे पोटापाण्याचं काय, की सरळ बीएड करून मोकळं व्हावं, असं तुम्ही विचारता.

कडू ते आधी सांगते. 'गाठीनं किरणांना किती दाद दिली हे पेशींवरून मोजणारी' अशी जागा हॉस्पिटलात नसते. डॉक्टर हातानं तपासतात, एमआरआय काढतात, उपचार संपल्यावर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. पेशींवरून मोजणं अजून मुख्यतः संशोधनातच आहे. म्हणजे तिला नोकरीचं नाव शोधून चालणार नाही, प्रयोगशाळा शोधावी लागेल.

प्रश्न मात्र तिनं नेमका विचारलाय. किरण लागले की पेशी जागच्या जागी मरते असं आपल्याला वाटतं. गाठीतल्या बऱ्याच पेशी तशा मरत नाहीत. डीएनए तुटलेला असतो, तरी पेशी दिवस ढकलत राहते आणि विभाजनाची वेळ आली की अडखळते. एखादा तुकडा केंद्रकात न जाता बाहेरच राहून जातो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर मोठ्या टिकलीशेजारी एक बारीक टिकली लावल्यासारखी दिसते. तो मायक्रोन्यूक्लियस. काही पेशी फुगतात, एकेकीत दोन-तीन केंद्रकं दिसतात, पेशीद्रवात पोकळ्या पडतात. उपचाराआधी एकदा आणि पहिल्या काही मात्रांनंतर पुन्हा पेशी खरवडून घ्यायच्या, हे बदल मोजायचे आणि ताडून पाहायचे. बोस्टनच्या पेशीतज्ज्ञ रूथ ग्रॅहॅम यांनी 1947 मध्येच अशा पेशींवरच्या परिणामांबद्दल लिहिलं होतं. किती किरणांनंतर किती पेशी तगतात याचा मानवी पेशींवरचा आलेख पक आणि मार्कस या शास्त्रज्ञांनी 1956 मध्ये काढला, तोही गर्भाशयमुखाच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशींवर. लेकीला हे नक्की वाचायला सांगा.

मग इतक्या वर्षांत हे रोजच्या वापरात का नाही? खरवड गाठीच्या मेलेल्या भागातून आली की जिवंत, यावर आकडा बदलतो. रक्त आणि सूज मध्ये येतात. शेजारच्या निरोगी पेशीही किरणांनी बदलतात. शिवाय एकच काच, म्हणजे स्लाइड, पाहून दोघं जण दोन आकडे सांगतात. फ्लो सायटोमीटर हजारो पेशी एकेक करून लेझरसमोरून नेतो आणि प्रत्येकीत डीएनए किती ते सांगतो, पण नमुनाच चुकीच्या जागेचा असेल तर यंत्र काय करणार!

म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी एक करा. कॉलेजात कांद्याच्या मुळांची स्लाइड केली असेलच. (मी तेव्हा शेजारणीचे आकडे उतरवून घेतले होते. या वाटेला गेले नाही ते बरंच झालं.) तिनं अशा चार स्लाइड पुन्हा करायच्या, मैत्रिणीकडून लेबलं झाकून घ्यायची, प्रत्येक स्लाइडवर हजार पेशी मोजायच्या आणि त्यातल्या विभाजन होणाऱ्या किती ते लिहायचं. आठवड्यानं त्याच स्लाइड, पहिले आकडे न बघता, पुन्हा. मान अवघडेल, कंटाळा येईल. तरी आकडे जुळले नाहीत म्हणून ती चिडून तिसऱ्यांदा मोजायला बसली, तर मुलगी या कामाची आहे. आजीच्या मायेपोटी घेतलेला निर्णय दोन वर्षं टिकतो, पीएचडीला पाच-सहा लागतात.

वाट अशी. एमएस्सी बायोटेक्नॉलॉजी किंवा लाइफ सायन्स, आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातही होते. बाहेर जायची तयारी असेल तर गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेश परीक्षा द्यावी. नंतर सीएसआयआर नेट ही पात्रता परीक्षा. तीतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पीएचडीचा भार तुमच्यावर पडत नाही. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचंच संशोधन केंद्र, तिथे नजर ठेवा. इंदूरात राहून एमएस्सी होईल, पुढचं बहुधा नाही. तेवढं मन आत्ताच घट्ट करा.

कॅटमधले, म्हणजे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातले, शेजारी मेडिकल फिजिक्स सुचवतात म्हणता. त्याला फिजिक्सची पार्श्वभूमी लागते, तेव्हा ते सोडून द्या. लवकर कमवायचं असेल तर सायटोटेक्नॉलॉजीचं, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासण्याचं, प्रशिक्षण घेऊन पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचा वाचता येतात. पगार बेताचाच, पण डोळा तयार होतो, आणि खरं सांगायचं तर या विषयात निम्मं भांडवल तेच. बीएड पुढेही करता येतं, त्याची घाई नको.

स्लाइड झाल्या की दोन्ही आठवड्यांचे आकडे मला कळवा. खाडाखोड केलेला कागदच पाठवा, स्वच्छ उतरवून नको.