लोकलमधली चित्रवही आणि अकरावी सायन्स

प्रश्न : माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला आहे. आम्ही भांडुपला राहतो, तिचं कॉलेज दादरला. ट्रेनमध्ये ती माणसांची चित्रं काढते. मे महिन्यात देवगडला गावी गेलो तेव्हाही दिवसभर वही घेऊन बसायची. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा झाल्या आहेत, इंटरला ए ग्रेड मिळाली. पण पहिल्या चाचणीत फिजिक्सचे मार्क बरेच घसरले. तिची आई म्हणते, बारावी होईपर्यंत वही कपाटात ठेवू दे. मला तसं करवत नाही. एक क्लासवाले म्हणतात, डिझाइनला जायचं असेल तर आत्तापासून पोर्टफोलिओची बॅच लावा. माझा भाऊ म्हणतो, तिला इन्स्टाग्रामवर पान उघडून द्या म्हणजे हुरूप राहील. काय करावं?
– एक वडील, भांडुप

उत्तर :

तुमच्या मनाने बरोबर कौल दिला आहे. वही कपाटात ठेवू नका. दोन वर्षं थांबलेला हात पुन्हा सुरू होतोच असं नाही. माझ्याकडे मुलांना घेऊन येणारे कितीतरी आईवडील बोलता बोलता सांगतात, “मीही दहावीपर्यंत छान काढायचो, मग अभ्यासासाठी बंद केलं.” तेव्हा ते दोन वर्षांसाठीच बंद केलेलं असतं, पण चाळिशी आली तरी पुन्हा सुरू झालेलं नसतं. हे सांगताना त्यांचा चेहरा पडतो.

फिजिक्सचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळा ठेवू. दहावीतून अकरावीत येताना अभ्यासक्रम एकदम चढतो आणि कधीही पेन्सिल हातात न धरणाऱ्या मुलांचेही पहिल्या चाचणीत मार्क पडतात. ती अभ्यासाच्या टेबलावर रोज तास-दोन तास चित्रांत घालवत असेल, तर वेळ आखून द्यायलाच हवी. पण तुमच्या पत्रावरून तरी ती ट्रेनमध्ये काढते. भांडुप ते दादर धीम्या गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतात. त्या वेळात, त्या गर्दीत न्यूमेरिकल्स सुटत नाहीत. तो वेळ तिचाच राहू द्या आणि फिजिक्ससाठी घरातला दुसरा तास ठरवा. तिच्या आईंना माझ्यातर्फे एवढं जरूर सांगा की ही वही मार्कांच्या बदल्यात काढून घ्यायची किंवा बक्षीस म्हणून परत द्यायची गोष्ट करू नका. एकदा तसं झालं की चित्र काढतानाही मुलीला आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटायला लागतं.

आता क्लासबद्दल. आत्ता लावू नका. माझं हे मत ठाम आहे, कारण अशा बॅचमधून तयार झालेली पानं मी बरीच पाहते. भाजीबाजार, बसथांबा, गणपती विसर्जन असे ठरावीक विषय असतात. कोपऱ्यात तोच फुगेवाला, डावीकडे टोपली घेतलेली तीच बाई, मागे तीच इमारत. मुलं आकृत्या पाठ करतात आणि विषय कुठलाही आला तरी त्याच मांडतात. तुमची मुलगी रोज जिवंत माणसांसमोर बसून काढते आहे. सोळाव्या वर्षी हे शिक्षण पैसे देऊनही मिळत नाही, आणि ते सोडून तिला पाठांतराकडे वळवण्यात तोटा आहे. परीक्षेचा साचा, वेळेचं गणित, जुन्या प्रश्नपत्रिका हे शिकायला बारावीतले काही महिने पुरतात. त्या वेळी क्लास हवा असं तिला वाटलं तर जरूर लावा.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. यूसीड ही डिझाइनच्या पदवीसाठीची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. अर्ज साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास निघतात, परीक्षा जानेवारीत होते. पहिला भाग संगणकावर असतो, दुसऱ्या भागात हाताने चित्र काढावं लागतं. आयआयटीच्या पवईतल्या ज्या आयडीसी या डिझाइन विभागात हे शिक्षण मिळतं ती १९६९ पासूनची संस्था आहे आणि तुमच्या घरापासून फार लांबही नाही. एनआयडीच्या, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या प्रवेशात लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष हाताने काम करून दाखवण्याची फेरी असते. आर्किटेक्चरला जायचं तर गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, त्यामुळे सायन्स घेतल्याने कुठलंच दार बंद झालेलं नाही. चित्रकलेच्या पदवीसाठी राज्य सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते आणि तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असतं, म्हणजे इंटरमिजिएटला जे केलं तेच पुढच्या पायरीवर. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या वहीच्या जोरावर यापैकी कुठलीही परीक्षा पार होत नाही. तर्क, आकलन, आकारांची समज यांचा वेगळा सराव लागतो. कमाईचं म्हणाल तर डिझाइन आणि आर्किटेक्चर हे पगारी नोकरीचे रस्ते आहेत, निव्वळ चित्रकाराचं उत्पन्न मात्र बरीच वर्षं बेभरवशाचं राहू शकतं. हे सगळं तिच्यासमोर मोकळेपणाने बोला. तिला कळेल.

पण तिने यातलं काहीच केलं नाही तर? ती डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली तर इतक्या वर्षांच्या वह्या वाया गेल्या का? पत्रात तुम्ही हे विचारलं नाही, पण सगळ्या पत्राच्या मागे मला हीच काळजी दिसली. चित्रकार सुधीर पटवर्धन १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. त्या तीस वर्षांत दवाखाना सांभाळून त्यांनी जी चित्रं केली, त्यांत लोकलचा डबा, कामगार, उपनगरांतल्या वाढत्या इमारती, रस्त्यावर थबकलेली माणसं आहेत. आज ते देशातल्या मोठ्या चित्रकारांत गणले जातात आणि त्यांनी कलामहाविद्यालयातून पदवी घेतलेली नाही. व्यंगचित्रकार वसंत सरवटे स्थापत्य अभियंता होते, सिमेंट कंपनीत नोकरी करायचे. मराठी दिवाळी अंक वाचणाऱ्या घरांत त्यांची रेषा सही न बघता ओळखली जायची. मुंबईतल्या माणसांच्या उभं राहण्या-बसण्याच्या लकबी त्यांनी ज्या टिपल्या, त्या रोज ऑफिसला जाता-येता बघितल्याशिवाय सापडत नाहीत. नोकरी करून चित्रं काढणं हीच योग्य वाट, असं मी म्हणत नाहीये. या दोघांनी हात कधी थांबू दिला नाही, म्हणून पुढे निवड करायला त्यांच्याजवळ काहीतरी होतं. पटवर्धनांनी पूर्णवेळ चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा वय पंचावन्नच्या पुढे होतं.

यापुढचा मजकूर कृपया मुलीला वाचायला द्या.

तू लोकलमध्ये काढतेस हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मुंबईत बसल्या जागी इतकी माणसं समोर येणारी दुसरी जागा नाही. दोन स्टेशनांमध्ये दोन-तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात एक माणूस, असा हिशेब धर. कांजूरमार्ग ते विक्रोळी एक, विक्रोळी ते घाटकोपर दुसरं. चेहऱ्यापासून सुरुवात करू नकोस. आधी मानेपासून कमरेपर्यंत शरीराचा कल एका रेषेत पकड, मग भार कुठल्या पायावर आहे ते बघ, मग हँडल धरलेला हात. वर धरलेल्या हातामुळे खांदा उचलला जातो आणि कुर्त्याच्या चुण्या काखेपासून तिरक्या खाली येतात. एवढं जमलं तर नाक-डोळे नसले तरी बाई उभी राहिलेली दिसते. झोपलेल्या बायका हलत नाहीत, त्यांच्यावर मान आणि हनुवटीचा अभ्यास होतो. संध्याकाळी परतताना कुणी मेथी निवडत असेल तर नुसते हात काढ. पानभर हातच हात.

पेनने काढ, साधं बॉलपेन किंवा जेलपेन चालेल. खोडरबर घरी ठेव. चुकलेली रेषा तशीच राहू दे आणि तिच्या शेजारी बरोबर रेषा काढ, म्हणजे महिन्याभराने तुलाच कळेल की आपण सारखे कुठे चुकतो. बहुतेकांचं डोकं मोठं होतं आणि पाय आखूड. वही हाताच्या पंजाएवढी असावी, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात राहील अशी. पावसाचे दिवस आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. प्रत्येक पानावर तारीख आणि जागा लिही. कानावर पडलेलं एखादं वाक्यही लिहून ठेव. पान फाडायचं नाही, कितीही बिघडलं तरी.

ज्या दिवशी उभं राहायलाही जागा नसते त्या दिवशी फक्त बघ. एकच माणूस निवडायचा आणि दादर येईपर्यंत त्याला लक्षात ठेवायचं. उतरल्यावर बाकावर बसून आठवणीतून काढायचं. आठवत नाही ते मोकळं सोड, मनाने भरू नकोस. इंटरमिजिएटला तू स्मरणचित्र केलंस त्याचा मूळ अर्थ हाच आहे.

कुणाला आवडत नाहीये असं दिसलं तर लगेच थांब. विचारलं तर वही दाखव. बायका बहुधा हसतात आणि शेजारणीलाही दाखवतात, पण नको म्हणण्याचा त्यांचा हक्क मोठा आहे.

गणपतीला गावी जाल तेव्हा वही ने. आपल्याकडे गावी गेलं की समुद्र आणि सूर्यास्त काढायची ओढ असते. मी म्हणेन, घरातल्या घरात बस. गणपतीवरची माटवी, म्हणजे फळापानांनी सजवलेली चौकट, बांधताना कवंडळं, तेरडा, सुपारीची शिपटी कुठली कुठे बांधतात, दोरीची गाठ कशी मारतात, ते बांधणाऱ्याच्या शेजारी बसून काढ आणि नावं विचारून लिही. आजीचा आडाळो, म्हणजे विळी, तिन्ही बाजूंनी काढ. पातं पाटाला कसं बसवलंय? पाय मुडपून बसल्यावर शरीराचा भार पाटावर का येतो? पडवीवरचं छप्पर काढताना ते इतकं उतरतं का आहे हा प्रश्न आपोआप पडेल, आणि कोकणातला पाऊस बघितलेल्या मुलीला उत्तर शोधायला लांब जावं लागणार नाही. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, वाशांचे जोड, कौलांची बसणी असं काढत गेलीस तर एखाद्या घराने हवामानाशी कसं जुळवून घेतलंय ते तुझ्या हाताला कळेल. डिझाइन आणि आर्किटेक्चरमध्ये याच गोष्टी बघाव्या लागतात. फोटो काढला असता तर त्या गाठीकडे तू दोन सेकंदसुद्धा बघितलं नसतंस.

प्रवास करून, समोर बसून काढायची ही पद्धत आपल्याच शहरात जुनी आहे. आज सर जे. जे. म्हणून ओळखली जाणारी कलाशाळा १८५७ ची. तिथले विद्यार्थी १८७२ पासून आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन राहिले आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. मध्ये मध्ये थांबत हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच एक, पुढे ते स्वतः नावाजलेले चित्रकार झाले. सीएसएमटीच्या भिंतींवरचे प्राणी, पक्षी, वेलपत्ती यांचं नक्षीकामही त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. एखाद्या रविवारी मुद्दाम जाऊन बघ. भायखळ्याला राणीच्या बागेत प्राणी काढता येतात, आणि तिथेच भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईतल्या व्यवसायांच्या, पेहरावांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती आहेत. संग्रहालय बुधवारी बंद असतं. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट लागत नाही. आणि एकटीने काढायचा कंटाळा आला तर अर्बन स्केचर्स नावाची चळवळ आहे. गॅब्रिएल कँपानारिओ या पत्रकाराने २००७ मध्ये सुरू केलेली, आता जगभर पसरलेली. समोर जे दिसतंय ते जागेवर बसून काढायचं हा त्यांचा नियम. मुंबईतही त्यांचा गट आहे, त्यात कॉलेजची मुलं असतात तसे निवृत्त लोकही असतात. पहिल्यांदा बाबांना घेऊन जा.

पुन्हा तुमच्याकडे वळते. इन्स्टाग्रामचं पान आत्ता नको. तुमच्या भावाची इच्छा चांगली आहे, पण या वयात दहा चित्रांपैकी ज्याला जास्त पसंती मिळते तसंच अकरावं काढलं जातं, आणि झोपलेल्या बाईची वाकडी मान काढण्याचा धीर जातो. शिवाय ट्रेनमधल्या अनोळखी बाईचा ओळखू येणारा चेहरा तिला न विचारता सगळ्यांसमोर मांडणं बरोबर नाही. वही दाखवायला घरातली दोन-तीन माणसं पुरे आहेत. तुम्ही स्वतः बघताना “छान आहे” एवढ्यावर थांबू नका. ही बाई कुठे उतरली, हिच्या पिशवीत काय होतं, असं विचारा. तिने काय पाहिलं ते तिला सांगायचं असतं. पाहुणे आले की वही बाहेर काढून दाखवायची सवय असेल तर ती सोडा, आणि तिच्या गैरहजेरीत वही उघडू नका. त्यात चुकलेली पानं असणार, ती असायलाच हवीत, आणि ती कुणाला दाखवायची हे तिने ठरवायचं.

खर्चाचं काही विशेष नाही. एक जाडसर कागदाची छोटी वही, दोन पेनं, जमलं तर कॅम्लिनची वड्यांची रंगपेटी. महागडं साहित्य आत्ता आणून दिलंत तर चांगला कागद खराब होईल या भीतीने ती काढणं कमी करेल. मुलांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन मला भेटायला या. पहिल्या सत्राची गुणपत्रिका आणा, आणि तिला वाटतील तेवढ्या वह्या तिने निवडून आणू द्या. गुणपत्रिका आणि वह्या दोन्ही समोर ठेवून, सायन्स, डिझाइन की आर्किटेक्चर यावर आपण तिघं बोलू. तिच्या आईंना सुट्टी मिळाली तर त्याही येऊ देत, त्यांच्या काळजीचं उत्तर त्यांच्याशीच बोलून द्यायला मला आवडेल.