लेथचं हँडल: आवळायच्या आधी प्ले (ढिलेपणा) कुठे आहे ते शोधा

प्रश्न: नमस्कार मेस्त्री. गोव्यात बेतीला आमचं छोटं वर्कशॉप आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते तेव्हा ट्रॉलरचे शाफ्ट, गनमेटलचे बुश अशी कामं एकदम येतात. लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, फिरवून कापायचं मशीन) जुना आहे. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाचं) हँडल नेहमीच्या जागेवर सैल आणि टोकाला नेलं की जड, दिशा बदलली की पाव राउंड नुसतंच फिरतं, पार्टिंग करताना (जॉब कापून वेगळा करताना) टूल थरथरतं. गिब (स्लाइडचा ढिलेपणा काढणारी पट्टी) आवळली तर हँडल हलतच नाही. काय करायचं?
— एक वाचक, बेती

उत्तर: भाऊ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्ले आहेत आणि तुम्ही दोन्ही गिबवरच काढायला बघताय, म्हणून हँडल जाम होतंय. स्लाइड आडवी हलते तो प्ले गिबचा. हँडल रिकामं फिरतं तो स्क्रू आणि नटचा, तो गिब कितीही आवळली तरी जाणार नाही, फक्त जड हँडलखाली लपेल.

आधी मेन स्विच बंद. गिब बाहेर काढा, डव्हटेल (स्लाइड जिच्यावर सरकते ती तिरक्या कडांची वाट) रॉकेलने धुवा, तिथे जुनं ग्रीस आणि कास्ट आयर्नची पावडर बसून घट्ट लेप झालेला असतो आणि बरेचदा अर्धा जडपणा तोच असतो. कोरडं पुसून स्लाइडवे ऑइल लावा, ६८ ग्रेडचं चालतं. ग्रीस नको, त्यात बुरा चिकटतो आणि मग स्लाइड घासली जाते.

आता सेटिंग. नेहमी काम होतं त्या भागात डव्हटेल जास्त झिजलेलं असतं, टोकं तशीच राहतात. म्हणून स्लाइड सगळ्यात जड लागते तिथे नेऊन गिब सेट करा, सैल जागेवर नाही. गिब ग्रब स्क्रूवाली (बिनडोक्याच्या बारीक स्क्रूंनी दाबली जाणारी) पट्टी असेल तर सगळे लॉकनट सैल करा, एकेक स्क्रू टेकेपर्यंत घ्या, मग किंचित मागे, आणि लॉकनट आवळताना ॲलन की धरूनच ठेवा, नाहीतर स्क्रू पण फिरतो आणि केलेली मेहनत फुकट. टेपर (एका टोकाला निमुळती) गिब असेल तर एका टोकाचा स्क्रू सैल करून दुसऱ्याने थोडीथोडी सरकवायची, शेवटी दोन्ही टेकवायचे. नंतर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) लावून स्लाइड हाताने बाजूला ढकलून बघा. मधे थोडा प्ले उरेल, तो झिजेचा आहे, स्क्रॅपिंग (पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट करणं) केल्याशिवाय जात नाही.

पाव राउंडचं बघू. हँडल धरून सरळ आत-बाहेर ओढा. हँडलच पुढेमागे हललं तर डायलच्या मागचा नट किंवा थ्रस्ट बेअरिंग सैल आहे, ते आवळायचं काम सोपं आहे, सगळ्यात आधी तेच करा. हललं नाही तर आतला ब्रासचा नट झिजलाय. काही मशीनवर तो दोन भागांत असतो, मधल्या वेजने (पाचरीने) प्ले कमी होतो, पण इथे पण तेच, स्क्रूच्या न झिजलेल्या भागावर फिरवून बघा. तुमच्या स्क्रूचा पिच (एका राउंडला स्लाइड सरकते ते अंतर) ५ एमएम असेल तर पाव राउंड म्हणजे १.२५ एमएम, एवढं झालं असेल तर नवा नट करून घ्या, गनमेटल तर तुमच्याकडे असतंच.

नट होईपर्यंत माप नेहमी एकाच बाजूने गाठा. टूल पुढे गेलं तर नुसतं तेवढंच मागे नाही आणायचं, एक पूर्ण राउंड मागे या आणि परत पुढे येऊन डायल मिळवा. आणि डायल व्यासावर आहे की त्रिज्येवर ते आधी एका जॉबवर कट घेऊन मोजून बघा, कारण त्रिज्येवर असेल तर ०.०५ आत गेल्यावर जॉब ०.१० ने कमी होतो.

पार्टिंगला कंपाउंड (क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड) लागत नाही, त्याची गिब घट्ट करून टाका, कॅरेज (या स्लाइड वाहून नेणारा खालचा भाग) लॉक करा, ब्लेड गरजेपुरतंच बाहेर ठेवा. थरथर बरीच इथेच कमी होते.

प्रश्न: मी फोंड्याला ट्रेनी टर्नर आहे. हाताने फेसिंग करताना (जॉबचं टोक कापून सपाट करताना) रेषा पडतात, सर म्हणतात हँडल थांबतंय.
— ट्रेनी, फोंडा

उत्तर: सर बरोबर सांगतात. एका हाताने फिरवलं की हात बदलताना फीड (टूलचं पुढे सरकणं) थांबतो आणि तिथेच रेषा उमटते. दोन्ही हात वापर, एक हात सोडायच्या आधी दुसऱ्याने हँडल धरलेलं पाहिजे. आधी मशीन बंद ठेवून सराव कर. आणि कॅरेज लॉक करूनच फेसिंग घे. मध्यभागी टोक उरत असेल तर तो हँडलचा दोष नाही, टूलची उंची सेंटरला आण.

प्रश्न: पावसाळ्यात सोमवारी वर्कशॉप उघडलं की स्लाइड चिकटलेली असते, गंज येतो. कव्हर घालतो तरी.
— वाचक, वास्को

उत्तर: कूलंट पुसून न टाकता कव्हर घालत असाल तर खाली ओल कोंडते, समुद्राची हवा त्यात भर घालते. शनिवारी कूलंट पूर्ण पुसा, स्लाइड दोन्ही टोकांना नेऊन तेल पसरवा. बेडवर (लेथच्या लांब पायावर) कॉटन वेस्ट (पुसायचा सुताचा बोळा) ठेवून जाऊ नका, ते ओल धरतं आणि बरोबर त्याच्याखालीच डाग पडतो. गंज आलाच तर तेल लावून बारीक स्कॉच-ब्राइटने हलकेच काढा, पॉलिश पेपर बेडवर अजिबात नको, त्याचे कण गिबमध्ये जातात.